सलोमेचे नृत्य: एका रंगसूचनेतून वाढलेली दंतकथा

सात झिरझिरीत ओढण्या एकेक करून उतरवत राजाला भुरळ घालणारी सलोमे बायबलमधलीच आहे, हा समज जगभर पक्का रुजला आहे. प्रत्यक्षात मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत एवढेच येते की, गालीलचा मांडलिक हेरोद अंतिपा याच्या वाढदिवसाच्या मेजवानीत त्याची पत्नी हेरोदिया हिची मुलगी नाचली, खूश झालेल्या हेरोदाने ती मागेल ते देण्याची शपथ घेतली आणि तिने आईच्या सांगण्यावरून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात मागितले. नाच कसा होता, तिचा पोशाख कोणता होता, याविषयी तेथे एक अक्षरही नाही; मुलीचे नावसुद्धा दिलेले नाही.

हेरोदियेच्या मुलीचे सलोमे हे नाव पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिणारा ज्यू इतिहासकार जोसेफस देतो, पण नाचाचा उल्लेख तोही करत नाही. योहानाभोवती जमणारे लोक बंड करतील या भीतीने हेरोदाने त्याला मृत समुद्राच्या पूर्वेकडील माखेरस किल्ल्यात ठार केले, असे तो सांगतो. सलोमेचे पुढे दोन विवाह झाले, तिला तीन मुलगे झाले आणि दुसरा पती अरिस्टोबुलस याच्या नाण्यांवर राणी म्हणून तिची प्रतिमा उमटली. एका सत्ताधीशाने राजकीय धास्तीपोटी केलेल्या हत्येचे खापर शतकानुशतके या मुलीच्या पावलांवर फोडले गेले, हा मला तिच्यावरचा उघड अन्याय वाटतो.

मध्ययुगीन शिल्पकारांना तर तिच्यात मोहिनी नव्हे, कसरत दिसली होती. फ्रान्समधील रूआँच्या कॅथेड्रलवर ती चक्क हातांवर उलटी उभी राहून नाचते. एकोणिसाव्या शतकात मात्र पूर्वेकडील स्त्रीविषयीच्या युरोपीय कल्पनांना बहर आला, गुस्ताव्ह मोरो याची सलोमेची चित्रे 1876 मध्ये पॅरिसमध्ये गाजली, आणि ऑस्कर वाइल्ड याने 1891 मध्ये फ्रेंचमध्ये लिहिलेल्या नाटकात सलोमे सात ओढण्यांचे नृत्य करते, अशी एका ओळीची रंगसूचना घातली. नाचाचे वर्णन त्यानेही केले नाही. लंडनमध्ये 1892 साली या नाटकाला परवानगी नाकारली गेली, ती बायबलमधील पात्रे रंगमंचावर आणण्यास असलेल्या बंदीचे कारण देऊन.

त्या ओळीला देह मिळाला तो रिचर्ड श्ट्राउस याच्या ऑपेरामुळे. 1905 मध्ये ड्रेस्डेनच्या पहिल्या प्रयोगात मुख्य गायिकेने नाचण्यास नकार दिल्याने तेवढ्या प्रवेशापुरती नर्तकी उभी करावी लागली. 1907 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने एकाच प्रयोगानंतर ही कलाकृती मागे घेतली. नर्तकी मॉड ॲलन हिने 1908 मध्ये सलोमेच्या नृत्याने लंडन गाजवल्यावर नाट्यगृहांत सलोमेंची लाटच आली.

या नृत्याचे मूळ मेसोपोटेमियातील इनान्ना किंवा इश्तार देवीच्या पाताळप्रवासात आहे, असेही हौसेने सांगितले जाते. सातचा आकडा जुळतो खरा, परंतु त्या कथेत नाच नाही आणि भुलवायचा राजाही नाही. पाताळाच्या सात दारांवर द्वारपाल देवीकडून मुकुट, अलंकार आणि शेवटी वस्त्र काढून घेतो, कारण मृतांच्या राज्यात तिला आपल्या सामर्थ्याची चिन्हे घेऊन जाता येत नाही.