समांतर जलवाहिनी: टेंडर एक फसलं, मग दुसरं आलं

संभाजीनगरात नळाला पाणी कधी येणार हे लाईनमनला फोन करून विचारावं लागतं, मग घरातले निळे ड्रम, बादल्या, झालंच तर कुकरसुद्धा भरून ठेवायचा. आणि नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, पन्नासेक किलोमीटरवर! धरण जवळ असून हे असं का, हे समजायचं तर टेंडरच्या फायलीच उघडाव्या लागतात.

मलिक अंबरच्या काळापासून शहर नहरींवर जगलं, १७व्या शतकातली नहर-ए-अंबरी त्याचीच. पुढं जायकवाडी झालं, १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण, आणि पैठणहून आधी ७०० मिमीची अन मग १४०० मिमीची लाईन आली. पण १९८२ ला महापालिका झाली, चिकलठाणा-वाळूज एमआयडीसीमुळं वस्ती कुठल्या कुठं गेली, हद्दीत खेडी आली, आणि लाईनी त्याच.

मग समांतरचं, म्हणजे जुन्या लाईनींच्या जोडीला नव्या मोठ्या लाईनीचं, घोडं दामटलं. मनपाच्या तिजोरीत खडखडाट, म्हणून पीपीपी, म्हणजे खासगी कंपनीशी भागीदारी. २०११ ला करार झाला, २०१४ च्या सप्टेंबरात शहराचा पाणीपुरवठा कंपनीच्या हातात गेला. लोक म्हणतात टेंडरात घोळ होता. असेलही, पण मला वाटतं खरी गोम वेगळीच आहे. मनपानं पाईप विकतच घेतला नव्हता, घेतली होती २० वर्षांची सेवा. मोठी लाईन टाकायची, गल्लीबोळातलं नेटवर्क बदलायचं, मीटर लावायचे, पाणीपट्टी वसूल करायची, सगळं एकाच कंत्राटात. लोकांना लाईन दिसायच्या आधी मीटर आणि बिल दिसलं, नगरसेवकांना वॉर्डात उत्तरं देता येईनात, आणि २०१६ ला सर्वसाधारण सभेनंच करार रद्द करायचा ठराव घेतला. ज्या सभागृहात आणला तिथंच मोडला, पुढं सगळं कोर्टकचेरीत. पाणी? तिथंच.

नवी योजना आली १६८० कोटींची, भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये उद्धव ठाकरेंच्या हस्ते. यावेळी शहाणपणा असा की २५०० मिमीची लाईन, टाक्या, जलशुद्धीकरण केंद्र हे सरळ बांधकामाचं काम म्हणून काढलं, आणि काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या राज्याच्या संस्थेकडं. म्हणजे पाणी मनपाचं, टेंडर दुसऱ्याचं, आणि मुदतवाढ मिळाली की शिव्या मात्र मनपाला. मग दर वाढले, केंद्राच्या अमृत २.० या शहरी पाणी कार्यक्रमात योजना गेली आणि आकडा झाला २७४० कोटी. त्यात मनपाचा हिस्सा ८२२ कोटी, आता पगाराची ओढाताण असणारी संस्था एवढे कुठून आणणार? शेवटी राज्याकडंच हात पसरावा लागला. त्यात मधेच २०२२ ला वर्षाची पाणीपट्टी ४०५० वरून २०२५ रुपये केली, लोक खूश, पण उत्पन्न निम्मं. मोठी लाईन रखडली म्हणून तात्पुरती ९०० मिमीची वेगळी टाकली, तिचाही खर्च वेगळाच. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जनहित याचिका गेली, ठेकेदारानं किती किलोमीटर पाईप टाकला हेही तारखेला न्यायमूर्तींना विचारावं लागलं.

हे विचारायचं काम खरं तर सभागृहाचं. पण एप्रिल २०२० ला नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर कित्येक वर्षं प्रशासकच होता, त्यामुळं १६८० चे २७४० झाले तेव्हा ना स्थायी समिती होती ना सर्वसाधारण सभा, फाईलवर सही झाली की झालं.