सॅन ओनोफ्रेची पार्श्वभूमी: झिजलेल्या नळ्या आणि टाळलेली सुनावणी

कॅलिफोर्नियातलं सॅन ओनोफ्रे अणुवीज केंद्र का बंद पडलं, असं विचारलं की ‘नळी गळली म्हणून’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. नळी गळली हे खरं, पण त्याने केंद्र फक्त थांबलं. सदोष यंत्रांसह ते पुन्हा सुरू करायचा बेत ते चालवणाऱ्या सदर्न कॅलिफोर्निया एडिसन कंपनीने आखला होता. आजूबाजूच्या लोकांनी तो अडवून धरला, तोही मुख्यतः सुनावणीचा हक्क मागून.

लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांच्या मधे, पॅसिफिकच्या किनाऱ्याला खेटून हे केंद्र उभं राहिलं. 80 किलोमीटरच्या परिघात 80 लाखांहून जास्त वस्ती. पहिली अणुभट्टी 1968 ते 1992 चालली. दुसरी आणि तिसरी, प्रत्येकी सुमारे 1,100 मेगावॅटची, 1983 आणि 1984 मध्ये सुरू झाली. विरोधही तितकाच जुना. 1977 मध्ये दुसऱ्या अणुभट्टीचं 420 टनांचं पात्र चक्क उलट्या दिशेने बसवलं गेलं होतं. कंपनीवर किती भरवसा ठेवायचा, हा विषय निघाला की तो किस्सा हमखास निघायचा. 1980 मध्ये इथे हजारोंचा मोर्चा झाला. पुढे आंदोलन मंदावलं, ते फुकुशिमानंतर, 2011 मध्ये, पुन्हा जागं झालं.

वादाच्या मुळाशी असलेलं यंत्र म्हणजे स्टीम जनरेटर. अणुभट्टीतलं तापलेलं, किरणोत्सारी पाणी त्यातल्या हजारो उलट्या ‘यू’ आकाराच्या नळ्यांतून फिरतं. नळ्यांबाहेरचं वेगळं पाणी त्या उष्णतेने उकळतं आणि त्याची वाफ टर्बाइन फिरवते. नळी बोटाएवढी जाड, तिची भिंत जेमतेम 1 मिलिमीटर. आत वातावरणाच्या सुमारे 150 पट दाब, बाहेर त्याच्या निम्म्याहूनही कमी. वाफेचे पाइप काँक्रीटच्या घुमटाबाहेर जातात, म्हणजे किरणोत्सारी पाणी आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये इथे ही पातळ भिंतच काय ती उभी असते. एक नळी गळली तर भट्टी थांबवता येते. खरी धास्ती वेगळी आहे: वाफेचा मुख्य पाइप फुटला, बाहेरचा दाब एकदम पडला आणि झिजलेल्या अनेक नळ्या एकाच वेळी फाटल्या, तर भट्टी थंड ठेवणारं पाणीच घुमटाबाहेर निघून जाईल.

जुने जनरेटर थकले होते. म्हणून 2010 आणि 2011 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या कंपनीने जपानच्या मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजकडून चार नवे बनवून आणले. एकेक सहाशे टनांहून जड. ते आत न्यायला घुमटाची भिंत कापावी लागली. एकूण खर्च 67 कोटी डॉलरच्या घरात, आणि तो ग्राहकांच्या बिलांतून वसूल व्हायचा होता.

इथे नियमाचा प्रश्न येतो. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाचा 50.59 क्रमांकाचा नियम सांगतो की, सुरक्षेच्या दृष्टीने बदल किरकोळ असेल तर कंपनीने तो स्वतःच तपासून करावा, परवान्यात दुरुस्ती मागायची गरज नाही. सोय रास्त आहे. दर बोल्टसाठी सुनावणी घेत बसलं तर केंद्र चालणारच नाही. पण बदल किरकोळ आहे की नाही, हे पहिल्यांदा ठरवते कंपनीच. परवान्यात दुरुस्ती मागितली असती, तर 1954 च्या अणुऊर्जा कायद्यानुसार बाधित नागरिकांना सुनावणी मागता आली असती. एडिसनने नवे जनरेटर जुन्यांसारखेच असल्याचं धरून परवान्याचा तो रस्ता घेतलाच नाही.

ते खरोखर जुन्यांसारखे होते का? गंज टाळण्यासाठी नळ्यांचा मिश्रधातू बदलला होता. नव्या धातूतून उष्णता कमी वाहते, म्हणून प्रत्येक जनरेटरमधल्या नळ्या 9,350 वरून 9,727 वर नेल्या. त्यांना जागा व्हावी म्हणून मधला आधाराचा दंडगोल काढून टाकला. याला ‘तसंच’ म्हणायला जीभ धजावत नाही, पण कागदोपत्री ते खपून गेलं.

31 जानेवारी 2012 रोजी तिसऱ्या अणुभट्टीत गळती सापडली. नवे जनरेटर बसून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बाहेर पडलेला किरणोत्सर्ग अत्यल्प होता, हे आंदोलकांनाही नाकारता आलं नाही. धक्का बसला तो तपासणीत. दुसरी अणुभट्टी इंधन बदलण्यासाठी आधीच थांबलेली होती. दोन्ही मिळून तीन हजारांहून जास्त नळ्यांवर झीज आढळली आणि तिसऱ्या भट्टीतल्या 8 नळ्या दाबाच्या चाचणीत टिकल्या नाहीत. मित्सुबिशीच्या संगणकीय गणिताने वाफेचा वेग प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी धरला होता. प्रत्यक्षातल्या जास्त वेगाने नळ्या वळणापाशी थरथरून एकमेकींवर घासत होत्या. थरथर रोखणाऱ्या पट्ट्या तिसऱ्या भट्टीत जास्त काटेकोर मापाने बनवल्या होत्या. त्यामुळे त्यांची नळ्यांवरची पकड सैल राहिली आणि झीज तिथेच जास्त झाली. काम अधिक चोख झालं तिथेच घोटाळा अधिक, हे इंजिनिअरांनाही पचायला जड गेलं असणार.

ऑक्टोबर 2012 मध्ये एडिसनने प्रस्ताव मांडला: दुसऱ्या भट्टीतल्या पाचशेहून अधिक नळ्या बुजवायच्या, ती 70 टक्के क्षमतेवर पाच महिने चालवायची आणि मग पुन्हा तपासायची. जनरेटर तेच राहणार होते.

तोवर ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ या संस्थेने जूनमध्येच आयोगाकडे याचिका दाखल केली होती. तिच्यासाठी काम करणाऱ्या तज्ज्ञांनी जुन्या आणि नव्या रचनेतला फरक बाबवार मांडला. शेजारच्या सॅन क्लेमेंटे शहरातले स्थानिक गट आयोगाच्या जाहीर सभांना गर्दी करत होते. डेल मार, सोलाना बीच यांसारख्या शहरांच्या परिषदांनी ठराव केले आणि एप्रिल 2013 मध्ये लॉस एंजेलिसनेही केला. अणुऊर्जा हवी की नको हा सनातन वाद त्यांनी बऱ्यापैकी बाजूला ठेवला, आणि माझ्या मते त्यांची खरी हुशारी तिथेच होती. मुद्दा एकच: परवान्यानुसार नळ्या पूर्ण क्षमतेवर सुरक्षित असायला हव्यात, तुम्ही 70 टक्क्यांवरच चालवू शकता, तर तुम्ही वेगळाच परवाना मागत आहात. मग रीतसर सुनावणी घ्या.

एप्रिलमध्ये एडिसनने स्वतःच 70 टक्क्यांची मर्यादा घालणाऱ्या दुरुस्तीसाठी अर्ज केला आणि विरोधकांचं म्हणणं आपसूक बळकट झालं. 13 मे 2013 रोजी आयोगाच्या परवाना मंडळाने निकाल दिला: ही पुनःप्रारंभाची प्रक्रिया म्हणजे प्रत्यक्षात परवान्यातली दुरुस्तीच आहे. त्याच महिन्यात सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी 2004 मधलं एक पत्र उघड केलं. नव्या रचनेत दोष शिरू शकतात, अशी चिंता एडिसनच्याच अधिकाऱ्याने तेव्हा मित्सुबिशीला कळवली होती. 7 जूनला कंपनीने दोन्ही अणुभट्ट्या कायमच्या बंद केल्या. कारण दिलं अनिश्चिततेचं आणि खर्चाचं. यंत्र असुरक्षित आहे, असा निर्णय मंडळाने दिलेला नव्हता. सुनावणीला लागणारा वेळ कंपनीला परवडणारा नव्हता. 2014 मध्ये आयोगाच्या महानिरीक्षकांनी मान्य केलं की, 2009 च्या तपासणीतच हा बदल नीट तपासायची संधी आयोगाने गमावली होती.

बंदची किंमत मोजावी लागली. उणीव भरून काढायला नैसर्गिक वायू जास्त जाळावा लागला. बंदचा खर्च कोणी सोसायचा, यावरच्या 2014 च्या तडजोडीत सुमारे 470 कोटी डॉलरपैकी 330 कोटी ग्राहकांच्या माथी मारले गेले. पुढे कळलं की राज्यातले वीजदर ठरवणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष आणि एडिसनचा एक अधिकारी मार्च 2013 मध्ये वॉर्साच्या एका हॉटेलात याच विषयावर बोलले होते. त्यावर गदारोळ झाला, तडजोड पुन्हा उघडावी लागली आणि 2018 मध्ये ग्राहकांचा भार 77.5 कोटींनी उतरला. मित्सुबिशीला 2017 मध्ये लवादाने 12.5 कोटी डॉलर भरायला लावले. मागणी 760 कोटींची होती.

वापरलेलं इंधन मात्र तिथेच आहे. 2020 पर्यंत ते सगळं पाण्याच्या टाक्यांतून पोलादी पिंपांत हलवलं गेलं. 2018 मध्ये असंच एक पिंप उतरवताना कडेला अडकलं आणि खोल पडता पडता वाचलं. देशात कायमची साठवणूक कुठे करायची हेच ठरलेलं नसल्याने ही पिंपं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी आहेत, आणि केंद्र बंद करायला एकत्र आलेल्या लोकांत आता ती कुठे हलवायची यावरून फाटाफूट आहे.