वीज आली आणि कारखाने लगेच धावू लागले? तसं झालं नव्हतं

"नवं तंत्रज्ञान आणा, देश आपोआप पुढे जाईल," हे इतक्या वेळा ऐकवलं जातं की शंका घेणाराच मागासलेला ठरतो. पुरावा म्हणून हमखास विजेचं उदाहरण देतात. गंमत म्हणजे तेच उदाहरण हा दावा मोडीत काढतं.

एडिसनचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली सुरू झालं. अमेरिकी कारखान्यांच्या उत्पादकतेत मोठी उडी दिसली ती थेट १९२०च्या दशकात. मधली चाळीसेक वर्षं काय चाललं होतं? वाफेच्या काळात एकच मोठं इंजिन छताखालचा लांबलचक दांडा फिरवायचं आणि त्यावरून उतरणाऱ्या चामड्याच्या पट्ट्यांवर सगळी यंत्रं चालायची. एकच यंत्र वापरायचं असलं तरी अख्खा दांडा फिरवावा लागे. वीज आल्यावर अनेक मालकांनी इंजिन काढून तिथे मोटर बसवली, एवढंच. दांडा तोच, पट्टे तेच. मग फायदा होणार कसा? (चालता कारखाना पाडून नवा बांधायला कोण तयार होतं म्हणा!) पुढे यंत्रागणिक वेगळी मोटर आली, प्रशस्त एकमजली कारखाने उभे राहिले, कामाच्या क्रमाने यंत्रं मांडली गेली, तेव्हा कुठे फरक पडला. वीज कुचकामी नव्हती. तिच्याभोवतीची घडी जुनी होती.

अर्थतज्ज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९९०मध्ये हीच गोष्ट संगणकाशी ताडून पाहिली. तेव्हाही संगणक कचेरीकचेरीत पोचले होते, पण उत्पादकतेच्या आकड्यांत त्यांचा मागमूस नव्हता.