घरासाठी पाण्याची मोटार घेण्याआधी

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“भाऊ, अर्ध्याची द्या.” “शेजारच्यांनी एकची बसवली, आम्हालाही तीच द्या.” दुकानात बोलणं बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं. आमची विनंती एवढीच, की हॉर्सपॉवर सगळ्यात शेवटी ठरवा. पाणी कुठून उचलायचं, किती उंच चढवायचं आणि टाकी किती वेळात भरायला हवी, हे आधी सांगा. त्यावरून हॉर्सपॉवर आपोआप ठरते आणि पुष्कळदा ती तुमच्या अंदाजापेक्षा कमीच निघते. मोठी मोटार विकण्यात दुकानदाराचा फायदा असतो, हे उघड आहे. पण तीच मोटार उन्हाळ्यात जळून परत आली की त्याच दुकानदाराशी वाद होतो. तो वाद आम्हालाही नको असतो.

उंची पाण्यापासून मोजा

घर दुमजली आहे म्हणजे वीस-बावीस फूट उंची, असा हिशोब करू नका. मोजायला सुरुवात करायची ती जमिनीखालच्या हौदात पाणी सर्वांत खाली जातं तिथून, आणि शेवट करायचा तो गच्चीवरच्या टाकीत पाइप जिथे पडतो तिथे. समजा हौद 7 फूट खोल आहे, जमिनीपासून गच्ची 22 फूट आहे आणि वर स्टँड धरून टाकीचं तोंड आणखी 8 फुटांवर आहे. एकूण 37 फूट झाले. फुटांना 3.28 ने भागलं की मीटर मिळतात, म्हणजे इथे 11 मीटरपेक्षा थोडं जास्त. पाइप आणि बेंड यांच्या घर्षणापोटी पंधरा-वीस टक्के वाढवा आणि 14 मीटर धरा. पंपाच्या भाषेत हे तुमचं ‘हेड’.

आता पाणी किती हवं ते बघू. टाकी 1000 लिटरची असेल आणि अर्ध्या तासात भरायची असेल, तर ताशी 2000 लिटर म्हणजे मिनिटाला साधारण 33 लिटर पाणी लागतं. मग दुकानात येऊन म्हणायचं, “14 मीटरला ताशी 2000 लिटर देणारी मोटार दाखवा.” एवढं काम अर्ध्या हॉर्सपॉवरची चांगली सेल्फ प्रायमिंग (एकदा पाणी भरलं की पुढे स्वतःच पाणी ओढून घेणारी) मोटार करते आणि तासाला अर्धा युनिट किंवा त्याहून थोडी जास्त वीज घेते. एकची मोटार लावली तर टाकी लवकर भरेल हे खरं. पण हौदात पाणीच बेताचं असेल तर ती घाई कशासाठी?

पंपाच्या प्लेटवर ‘हेड 6 ते 30 मीटर, डिस्चार्ज 2500 ते 500 लिटर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. डिस्चार्ज म्हणजे ताशी मिळणारं पाणी. पुष्कळ जण त्यातले दोन मोठे आकडे एकत्र वाचतात, म्हणजे 30 मीटरवर 2500 लिटर. तसं नसतं. 2500 लिटर मिळतात ते 6 मीटरला, आणि 30 मीटरला मिळतात फक्त 500. उंची वाढेल तसं पाणी कमी होतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘कमाल हेड 40 मीटर’चा अर्थ तर असा, की त्या उंचीवर पाणी जवळजवळ पडणारच नाही. म्हणून कंपनीचा तक्ता मागा आणि आपल्या उंचीसमोरचा आकडा बोट ठेवून वाचा. तक्ता न दाखवता “चालेल हो” म्हणणारा दुकानदार आम्ही असलो तरी त्याच्यावर विसंबू नका.

पाइपवर बचत करू नका

मोटार नवी, पाणी मात्र कमी, अशा तक्रारीत दोष कित्येकदा पाइपचा निघतो. तेवढंच पाणी एक इंचाऐवजी पाऊण इंची पाइपातून ढकलायचं म्हटलं, तर घर्षण साधारण चौपट होतं. अर्धा इंची घेतला तर ते कितीतरी पटीने वाढतं. पंपाचं तोंड एक इंची असेल तर पाइप टाकीपर्यंत एक इंचीच न्या, आणि काटकोनी एल्बो कमीत कमी ठेवा.

मोटारीच्या पाणी ओढण्याच्या बाजूला तर जास्तच काळजी घ्या. जमिनीवर ठेवलेली कुठलीही मोटार व्यवहारात 25 फुटांपेक्षा खालून पाणी ओढू शकत नाही. पाणी खरं तर हवेच्या दाबाने वर चढतं, आणि तो दाब त्याहून फार वर ते पोचवू शकत नाही. मग मोटार अर्ध्याची असो की पाचची. ओढण्याच्या पाइपला केसाएवढी चीर असली तरी मोटार हवा ओढते, आवाज करते आणि पाणी देत नाही. सांध्यावर साबणाचं पाणी लावून गळती सापडत नाही, कारण हवा तिथून बाहेर येत नाही, आत जाते. मोटार बंद करून पाइप पाण्याने भरा. जिथे थेंब दिसतील तो सांधा.

नळाला थेट मोटार जोडायची असेल तर

ती आमच्याकडे मागू नका. आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावांत लोक का जोडतात, ते आम्हाला कळतं. पण तुमची मोटार शेजारच्या घराचं पाणी ओढते, आणि जुन्या जलवाहिनीला गटारीजवळ चीर असली तर त्या गटारीतलंही. नगरपालिकेचं पथक आलं की मोटार जप्त होते ते वेगळंच. नळाचं पाणी आपल्या दाबाने हौदात पडू द्या आणि हौदातून मोटारीने वर घ्या. हौद नसेल तर गल्लीच्या पातळीवर 500 लिटरची एक टाकी ठेवली तरी भागतं.

विहीर आणि बोअर

जुन्या वाड्यातल्या किंवा मळ्यातल्या घराच्या विहिरीत पाणी 25 फुटांच्या आत असेल, तर वर ठेवलेला मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र असलेला संच) चालतो. उन्हाळ्यात पाणी त्याखाली जात असेल तर ओपनवेल सबमर्सिबल घ्या. तिला पाण्यातच बसवतात, त्यामुळे पाणी ओढण्याचा प्रश्नच राहत नाही. घरात पडून असलेली बोअरची मोटार विहिरीत सोडायला काही जण विचारतात. ती मोटार अरुंद बोअरमध्ये तिच्या अंगावरून वर वाहणाऱ्या पाण्याने थंड होते. मोकळ्या विहिरीत तसा प्रवाह मिळत नाही आणि वायंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, तापतं. सोडायचीच असेल तर तिच्याभोवती बाहेरून पाइपचं आवरण घालावं लागतं.

आता बोअर. “बोअर 300 फूट आहे, 300 फुटांची मोटार द्या” ही मागणी रोजचीच. पण बोअर किती खोल आहे यावरून मोटार ठरत नाही. एक उदाहरण घ्या. बोअर 300 फूट. मोटार बंद असताना पाणी 120 फुटांवर उभं राहतं. तासभर उपसल्यावर ते 180 वर येऊन स्थिरावतं. मोटार 240 फुटांवर सोडलेली आहे. आता हेड म्हणजे 180 फूट, अधिक जमिनीपासून टाकीपर्यंतचे 30, असे 210 फूट. ते झाले 64 मीटर, पाइपचं घर्षण धरून 70. मोटार 240 वर लोंबते की 280 वर, याने उचलायची उंची बदलत नाही, कारण मोटारीच्या वर असलेलं पाणी तिला उचलावं लागत नाही.

मग 300 फुटांची, जास्त स्टेजची (म्हणजे एकावर एक जास्त चक्रं बसवलेली) मोटार घेतली तर बिघडतं काय? कमी उंचीवर ती गरजेपेक्षा जास्त पाणी फेकते, जास्त अँपिअर घेते आणि बोअरमध्ये झिरपणाऱ्या पाण्यापेक्षा वेगाने उपसते. पाणी मोटारीखाली गेलं की ती कोरडी फिरते. मोटार जळण्याचं आमच्याकडे दिसणारं मोठं कारण हेच आहे.

पातळी मात्र दिवाळीत मोजू नका. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास मोजा. एकतर तेव्हा पाणी खोल गेलेलं असतं, आणि दुसरं म्हणजे लेकी-नातवंडं माहेरी आलेली असल्याने घरात पाणी सर्वांत जास्त लागतं. वरच्याच बोअरमध्ये तेव्हा चालू मोटारीला पाणी 220 फुटांवर गेलं, तर हेड 80 मीटरच्या पुढे जातं. म्हणजे तक्त्यात 70 ते 85 मीटर हा पट्टा जिच्या मधोमध पडतो ती मोटार घ्यायची. एक किंवा दीड हॉर्सपॉवरमध्ये हे बसतं, फक्त स्टेजची संख्या नीट निवडावी लागते.

बोअरला पाणी किती, हे बोअर पाडणाऱ्या गाडीवाल्याने सांगितलेल्या ‘दोन इंची पाण्या’वरून ठरवू नका. ते पहिल्या दिवसाचं पाणी असतं. 200 लिटरचा पिंप ठेवा, तासभर उपसल्यानंतर तो किती मिनिटांत भरतो ते घड्याळावर बघा आणि आकडा आम्हाला सांगा. 10 मिनिटं लागत असतील तर मिनिटाला 20 लिटर. अशा बोअरला 40 लिटर ओढणारी मोटार लावण्यात अर्थ नाही.

आपल्या खानदेशात गावागावाचा फरकही आहे. तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हणजे रावेर, यावल, चोपडा भागात, पाणी पुष्कळ खोल गेलं आहे आणि बोअरला वाळू-गाळ येतो. तिथे मोटार तळापासून दहा-पंधरा फूट वर ठेवा आणि वाळू सोसणारा पंप मागा. साक्री, पारोळा, धुळे भागात काळ्या खडकाच्या भेगांतून पाणी येतं. तिथे वाळू कमी, पण पाणी एकाएकी आटतं, म्हणून पॅनलमध्ये (मोटार चालू-बंद करायच्या पेटीत) कोरड्या फिरण्यावर मोटार बंद करणारी सोय घ्याच. बोअर साडेचार इंची आहे की साडेसहा, हेही आधी सांगा. साडेसहात चार इंची पंप आरामात उतरतो, साडेचारमध्ये केसिंग (बोअरला आतून घातलेला पाइप) थोडं वाकडं असलं तरी अडकतो. जेट पंप आणि कॉम्प्रेसर हेही पर्याय आहेत, पण वीज जास्त खातात. बोअर फारच अडचणीचा असेल तरच त्यांचा विचार करू.

वीज

संध्याकाळी व्होल्टेज 180 वर येणाऱ्या वस्त्यांत मोटार घुमते, पण फिरत नाही. तो आवाज आला की लगेच बटण बंद करा. दोन-चार मिनिटांतही वायंडिंग जळू शकतं. पॅनलला व्होल्टमीटर असू द्या आणि कमी व्होल्टेजला मोटार लावू नका. पहाटे भरून घ्या. व्होल्टेज बरोबर असूनही मोटार नुसती घुमत असेल तर आधी कंडेन्सर (मोटार सुरू व्हायला मदत करणारा भाग) तपासा. थोड्या पैशांची ती वस्तू बदलली की काम होतं, मोटार खोलायची गरज पडत नाही. 250 फुटांवर एकची मोटार सोडताना दीड एमएमऐवजी अडीच एमएमची केबल घ्या, नाहीतर केबलमध्येच बरंच व्होल्टेज खर्च होतं.

अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) याबाबत आम्ही घासाघीस करत नाही. हौदात ओपनवेल मोटार असेल तर हौद साफ करायला उतरण्याआधी नुसतं बटण बंद करून चालणार नाही, पिन काढा.

मोटार घेताना प्लेटवर आयएसआय खूण आणि क्रमांक बघा. घरगुती सेल्फ प्रायमिंगला आयएस 8472, बोअरच्या सबमर्सिबलला आयएस 8034, ओपनवेलला आयएस 14220. वायंडिंग तांब्याचं आहे का, हे बिलावर लिहून घ्या.

जाम झालेली मोटार

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. सेल्फ प्रायमिंग मोटारीत पितळी चक्र आणि कव्हर यांच्यात फारच थोडी फट असते. सुट्टीत महिनाभर घर बंद राहिलं की त्या फटीत क्षार बसतो आणि चक्र चिकटतं. आल्यावर बटण दाबलं की नुसती घूं-घूं. पिन काढा, मागचं पंख्याचं कव्हर उघडा. पुष्कळ मोटारींच्या शाफ्टच्या टोकाला खाच असते. तिच्यात स्क्रूड्रायव्हर घालून हलक्या हाताने दोन्हीकडे फिरवा. सुटली तर मेकॅनिकची फेरी वाचली. जोर लावावा लागला तर मात्र थांबा आणि आमच्याकडे आणा.

मोटारीवर उन्हाळ्यात थेट ऊन पडू देऊ नका, पण चोरीच्या भीतीने तिला पत्र्याच्या बंद पेटीतही कोंडू नका. 45 अंशांच्या दुपारी त्या पेटीत मोटारीला श्वास घ्यायला जागा उरत नाही. वर छप्पर आणि बाजूंना जाळी एवढं पुरे.

दुकानात येताना

वरची मापं कागदावर लिहून आणा. जुनी मोटार असेल तर तिच्या प्लेटचा फोटो मोबाइलवर काढून आणा, अक्षरं वाचता येतील असा. मापं घेणं जमत नसेल तर सांगा, टेप घेऊन आमचा माणूस घरी येतो आणि त्याचे पैसे लागत नाहीत. बोअरची मोटार सोडताना घरातल्या कोणीतरी समोर थांबून किती पाइप उतरले ते मोजावं आणि खोली बिलाच्या मागे लिहून ठेवावी. पुढे मोटार काढायची वेळ आली की मेकॅनिक पहिल्यांदा तेच विचारतो.