नॅट केवळ पाकिटावरचा पत्ता बदलते का?

राउटरमधील नॅट, म्हणजेच आतल्या खाजगी पत्त्याच्या जागी बाहेर चालणारा पत्ता घालणारे पत्ता-रूपांतर, पॅकेटच्या शीर्षकातील पत्ता तेवढा बदलते आणि आतल्या मजकुराला हात लावत नाही, हा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. वास्तविक १९९४ मध्ये नॅटची मांडणी करणाऱ्या आरएफसी १६३१ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजातच एफटीपी या फाइल-हस्तांतर पद्धतीचा अपवाद नोंदवलेला आहे.

एफटीपीच्या सक्रिय पद्धतीत फाइलसाठीची जोडणी सर्व्हर क्लायंटकडे करतो. त्यासाठी क्लायंट सर्व्हरला ‘पोर्ट १९२,१६८,१,५,१९५,८०’ अशी ओळ पाठवतो, म्हणजे स्वतःचा खाजगी पत्ता आणि ५०००० हा पोर्ट, म्हणजे जोडणीचा दार-क्रमांक (१९५ गुणिले २५६, अधिक ८०) मजकुरातच कळवतो. केवळ शीर्षक बदलले तर सर्व्हर या खाजगी पत्त्यावर जोडणी करू पाहील आणि ती क्लायंटपर्यंत पोहोचणारच नाही. म्हणून अनेक राउटर ही ओळ वाचून आतला पत्ताही बदलतात. त्यात अक्षरे कमी-जास्त झाली, की त्या जोडणीतील पुढच्या टीसीपी पॅकेटांचे, बाइट मोजून दिलेले, अनुक्रमांकही सतत जुळवत राहावे लागतात. मजकूर उघडा आहे तोवरच हा उपद्व्याप चालतो. टीएलएस या कूटलेखनाने तो झाकला, की राउटरचा नाइलाज होतो.

१९९८ च्या आरएफसी २४२८ ने काढलेली वाट मला अधिक शहाणपणाची वाटते. तीत जोडणी क्लायंटच सर्व्हरकडे करतो. ‘ईपीएसव्ही’ या आज्ञेच्या उत्तरात सर्व्हर फक्त पोर्ट सांगतो. पत्ता चालू जोडणीचाच धरायचा असतो. सर्व्हरला ही आज्ञा ठाऊक नसेल तर तो त्रुटीचा संकेतांक पाठवतो आणि क्लायंट सहसा पत्ताही मजकुरात मागवणाऱ्या जुन्या ‘पीएएसव्ही’ आज्ञेकडे वळतो. सर्व्हरच नॅटमागे असेल, तर मात्र त्याचे पोर्ट राउटरवर उघडून द्यावे लागतातच.