इंदूरमधील खाऊबाजार

माळव्यातील इंदूर शहरात निरनिराळ्या समाजांच्या खाद्यपरंपरा एकत्र येऊन जो उपाहारगृहांचा आणि खाऊगल्ल्यांचा पसारा उभा राहिला, त्याचे मूळ या शहराच्या राजधानीपणात आहे. १८१८ साली इंग्रजांशी झालेल्या मंदसोर तहानंतर इंदूर होळकर संस्थानाची राजधानी झाले, तर १९४८ ते १९५६ या काळात ते मध्य भारत राज्याची उन्हाळी राजधानी होते. दरबाराच्या आश्रयाने आलेली मराठी कुटुंबे, अफू व कापसाच्या व्यापारात स्थिरावलेले मारवाडी आणि गुजराती व्यापारी, बोहरा दुकानदार आणि फाळणीनंतर आलेले सिंधी अशा सर्वांच्या चवी स्थानिक माळवी दाल-बाफल्यांच्या (डाळ आणि कणकेचे उकडून भाजलेले गोळे) शेजारी नांदू लागल्या.

या मिश्रणाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे इंदुरी पोहे. मराठी घरांतील पोहे कांद्याच्या फोडणीत परततात. इंदूरचा दुकानदार मात्र भिजवून हळद, साखर आणि फोडणी लावलेले पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावरील परातीत ठेवतो, त्यामुळे ते सकाळभर वाफेवर गरम आणि मोकळे राहतात. वाढताना त्यावर शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि जीरावण हा माळव्याचा खास मसाला पडतो, आणि सोबत जिलबी असते. साबुदाण्याच्या खिचडीचेही तसेच झाले आहे. उपवासाच्या फराळात मोडणारी ही खिचडी येथे बटाट्याचा चिवडा आणि तिखट मसाला कालवून एरवीही आवडीने खाल्ली जाते. मराठी स्वयंपाकघराने या शहराला दिलेली ही देणगी मूळ रूपात टिकली नाही, हेच तिच्या रुजण्याचे खरे लक्षण मानावे लागेल.

राजवाड्याजवळचा सराफा हा दिवसा सोन्या-चांदीचा बाजार असतो. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांपुढे खाद्यविक्रेते बसतात आणि मध्यरात्र उलटून गेल्यावरही गर्दी हटत नाही. रात्रीच्या वर्दळीमुळे दुकानांची राखण होते, म्हणून सराफांनीच विक्रेत्यांना जागा दिली, असे परंपरेने सांगितले जाते. भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस, दहीवडा, मावाबाटी ही खव्याची मिठाई, मोठा जलेबा आणि आटीव दुधाची, सुकामेवा घातलेली शिकंजी हे येथील ठळक पदार्थ होत. लिंबू सरबताच्या अपेक्षेने शिकंजी मागणारा पाहुणा पहिल्यांदा हमखास चकित होतो. थंडीत गराडू मिळतो. या कंदाचे तुकडे एकदा तळून ठेवतात, गिऱ्हाईक आले की पुन्हा कुरकुरीत तळतात आणि वर जीरावण भुरभुरून लिंबू पिळतात. बाजार जवळजवळ संपूर्ण शाकाहारी असून त्यामागे जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांचा प्रभाव आहे. मांसाहारी पदार्थांसाठी खवय्ये बंबई बाजाराकडे वळतात.

न्यू पलासिया भागातील छप्पन दुकान हा तुलनेने नवा खाऊबाजार असून त्याचे नाव ओळीने बांधलेल्या छप्पन गाळ्यांवरून पडले. खोपरा पॅटीस, चाट, हॉट डॉग आणि दाक्षिणात्य पदार्थ येथे शेजारी शेजारी मिळतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या बाजाराला ‘क्लीन स्ट्रीट फूड हब’ हा दर्जा दिला असून पुढे रस्ता वाहनमुक्त करून त्याची पुनर्रचना झाली. सिंधी वस्त्यांतील दाल-पकवान (डाळ आणि कुरकुरीत तळलेली पुरी) सकाळच्या न्याहारीत पोह्यांच्या बरोबरीने चालते. पुरणपोळी, थालीपीठ, वरण-भात यांसारखे मराठी जेवण मात्र बाजारापेक्षा घरांत आणि सणासमारंभांतच अधिक राहिले आहे.