वाळूचा साचा आणि बिडाचा गुण: सोलापूरच्या ओतकामाची पार्श्वभूमी

सोलापुरात ओतशाळा आहेत, पण ओतकामाला चालेल अशी वाळू हाताशी नाही. भीमा आणि सीना काळ्या कातळाच्या मुलखातून वाहतात, त्यामुळे त्यांच्या वाळूत बेसाल्टचे कण भरपूर. बेसाल्ट १,२०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि बीड (ओतीव लोखंड) ओतायचं १,३५० ते १,४०० अंशांना. म्हणजे वाळू कास्टिंगला (ओतलेल्या नगाला) काचेसारखी चिकटणार, नग साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्याची छिन्नी बोथट होणार. म्हणून सिलिका वाळू बाहेरून आणायची (राज्यात तिचे साठे सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात आहेत) आणि वाळू बांधून धरणारी माती, बेंटोनाइट, कच्छची.

बिडाची भांडी मातीऐवजी वाळूत ओतण्याचं पेटंट अब्राहम डार्बीने इंग्लंडमध्ये १७०७ साली घेतलं. भांडी पातळ आणि स्वस्त झाली. पण पातळ भिंत लवकर निवते. त्यात कार्बनला ग्राफाइट व्हायला सवड मिळाली नाही, तर बीड पांढरं, ठिसूळ होतं. १७०९ पासून डार्बीने कोकवर काढलेल्या लोखंडात सिलिकॉन जास्त होतं, म्हणून ते पातळ भिंतीतही करडं, म्हणजे ग्राफाइट सुटलेलं, राहिलं.

ग्रीन सँडचा, म्हणजे माती-पाण्याने बांधलेल्या ओल्या वाळूचा, आजचा ढोबळ हिशेब असा: वाळूत बेंटोनाइट ६ ते ९ टक्के, कोल डस्ट (कोळशाची भुकटी) ३ ते ५, पाणी ३ ते ३.५. सगळ्यात जास्त घात पाण्याने होतो. ते ४.५ टक्क्यांवर गेलं की वाफेतला हायड्रोजन धातूत शिरतो आणि सालीखाली पिनहोल (टाचणीएवढी छिद्रं) पडतात. वरून कास्टिंग देखणं. दोष दिसतो तो लेथवर दुसऱ्या कटाला, तोवर मशीनिंगचा खर्च होऊन गेलेला असतो. पाणी कमी पडलं तर साच्याच्या कडा ढासळतात. मुलरवरचा (वाळू मळायच्या यंत्रावरचा) माणूस मुठीत वाळू दाबून मोडून बघतो, ते चांगलंच. पण कॉम्पॅक्टिबिलिटी (ठरावीक दाबाखाली वाळू किती टक्के दबते ते) ४० टक्क्यांच्या आसपास आहे का, हे दर बॅचला मोजलेलं बरं. साचा मऊ राहिला तर बीड थिजताना त्यातलं ग्राफाइट फुगतं, तेव्हा भिंती मागे सरतात आणि आत पोकळ्या उरतात.

१९४८ साली मॅग्नेशियमचं एसजी आयर्न (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते बीड) जाहीर झालं आणि साच्यातलं गंधक नडू लागलं. फ्युरान वाळूच्या (फ्युरान रेझिनने बांधलेल्या वाळूच्या) हार्डनरमधलं गंधक पृष्ठभागावरचं मॅग्नेशियम खातं. तिथे गोळ्यांऐवजी पाकळ्यांचं ग्राफाइट बनतं आणि थकव्याची ताकद घटते.

१९४० च्या दशकात जर्मनीत योहानेस क्रोनिंगने शेल मोल्डिंग (तापलेल्या पॅटर्नवर वाळूचं पातळ कवच करून साचा बनवणं) आणलं: वाळूवर ३ ते ५ टक्के फिनॉलिक रेझिन, पॅटर्न सुमारे २५० अंशांना तापलेला. सोलापुरात १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्सने ज्यात नाव काढलं, त्या चिल्ड (झटकन निववून कडक केलेल्या) बिडाच्या कॅमशाफ्टला, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, ही पद्धत सोयीची. रेझिन कडक करणाऱ्या हेक्झामीनमधून नायट्रोजन येतो. तो वाढला की करड्या बिडात भेगांसारखी छिद्रं पडतात, म्हणून वाळूत थोडं आयर्न ऑक्साइड घालतात. शेलची वाळू एकटी लोब (कॅमशाफ्टचा उंचवटा) कडक करू शकत नाही. तिथे साच्यात धातू झटकन निववणारे लोखंडी तुकडे, चिल, बसवतात: लोब पांढऱ्या बिडाचा, जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) करडं. चिल गंजलेला किंवा दमट असला, तर ब्लो होल (वायूची पोकळी) नेमका लोबवरच निघतो.